दोर कुणाच्या हाती

“...मग माझं बळ मोजायचं तरी कशानं, वस्ताद?”

सकाळपासून सर्जेरावनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

तालमीतला अडीच मणांचा दगड खांद्यावर घेऊन त्यानं आखाड्याला दोन फेऱ्या मारल्या होत्या. तालुक्याला पंजाचं बळ मोजायचं यंत्र आलं, तेव्हा यानं मूठ आवळली आणि काटा शेवटच्या आकड्याला टेकला. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा गडी नाही, हे त्याचे वैरीही कबूल करत. अडचण एवढीच, की तो स्वतःही ते सारखं सांगे.

तातोबा वस्ताद सत्तरीला आले होते. तालीम कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. ती आपल्यालाच मिळणार, असं सर्जेराव धरून चालला होता. पण वस्तादांच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

वस्ताद उठले.

“चल हिरीवर.”

तालमीमागच्या विहिरीच्या बांधकामात पिंपळ रुजले होते. दर उन्हाळ्यात वस्ताद स्वतः दोराला लोंबकळून ते तोडत. पाणी आटलं होतं. चाळीस हात खाली नुसता खडक.

काठावर महिपती कोष्टी कोयत्याला धार लावत बसला होता. दिवसभर मागावर बसणारा, अंगानं काडी. तालमीत यायचा तो चार जोर मारायला.

वस्तादांनी दोर कमरेला बांधला, रहाटावरून घेतला आणि टोक हातात धरून सर्जेरावला विचारलं,

“एकल्यानं धरायचा. किती येळ धरशील?”

“तुमी म्हनाल तवर.”

“हात भरून आलं तर?”

“माझं भरत न्हाईत.”

वस्ताद महिपतीकडे वळले.

“महिपती, तू?”

महिपती ओशाळला. “दोनशे मोजंस्तवर, वस्ताद. फुडं बोटं उघडत्यात. दीडशेला हाळी दीन.”

वस्तादांनी टोक महिपतीच्या हाती दिलं आणि कोयता घेऊन विहिरीत उतरले.

सर्जेरावचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर त्याची कीव यावी असाच तो दिसत होता. बळ काही त्याचं खोटं नव्हतं.

महिपती पुटपुटत आकडे मोजू लागला. खालून कोयत्याचे घाव ऐकू येत होते.

“वस्ताद, दीडशे!”

घाव थांबले. वस्तादांनी भिंतीतून बाहेर आलेल्या दगडावर पाय रोवले, तसा दोर सैल पडला. महिपतीनं हात झटकले, फुंकर मारली, दोराचा पुन्हा वेढा घेतला.

“धरला, वस्ताद!”

पुन्हा आकडे. पुन्हा हाळी.

असं सात वेळा झालं. दर वेळी सर्जेराव तोंड फिरवून हसला.

शेवटचं मूळ तोडून वस्ताद दगडांच्या आधारानं वर आले. महिपतीचे तळवे सोलवटले होते. वस्तादांनी ते आपल्या हातात घेऊन पाहिले आणि कनवटीची तालमीची किल्ली त्यावर ठेवली.

महिपतीनं किल्ली परत पुढं केली. “वस्ताद, मला दगूडबी उचलत न्हाई...”

सर्जेरावला राहवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

“सात डाव हाळी दिली यानं! सात डाव! तुमच्या पायाची आन घिऊन सांगतो, मी एकदाबी दिली नसती!”

वस्तादांनी वाकून विहिरीच्या तळाकडे पाहिलं.

“व्हय, लेकरा. एकदाबी दिली नसतीस.”