हाताची घडी

“मग यांना येत का नाही, सर?”

मयेकर सरांनी हे आमच्यासमोरच विचारलं. हमदुले सर मागच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मयेकर सर आम्हाला, नववीला, कॉम्प्युटर शिकवतात. हमदुले सर पूर्वी याच शाळेत विज्ञान शिकवायचे. मयेकर सर त्यांचे विद्यार्थी.

सहामाहीत आलेखाचा प्रश्न आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा चुकला होता. शनिवारच्या चाचणीतही तसंच झालं तर कॉम्प्युटरचे तास बंद आणि त्या वेळात गणिताचे जादा तास, असं मुख्याध्यापिका सुर्वे बाईंनी सांगून ठेवलं होतं. ही खोली मयेकर सरांनी उभी केली आहे. माजी विद्यार्थ्यांकडून जुने कॉम्प्युटर मागून आणले, वायरी स्वतः ओढल्या. आत धूळ येऊ नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियमही त्यांचाच. म्हणूनच त्यांनी आपल्या सरांना एकदा वर्ग बघायला बोलावलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत गरम पाणी निवत ठेवून त्याचं तापमान लिहून घेतलं होतं. आज ते आकडे भरून आलेख काढायचा होता.

कोणी अडलं की मयेकर सर यायचे. खांद्यावरून हात पुढे, माऊस घेतला, टकटक केलं. “झालं? चला पुढे.” सरांचा हात फार भराभर चालतो. बघता बघता आलेख तयार होतो, आणि आपण मान हलवतो.

घंटा झाली तेव्हा सगळ्या पडद्यांवर एकसारखा आलेख होता. त्याच वेळी सरांनी तो प्रश्न विचारला होता.

हमदुले सरांनी सगळ्या पडद्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “हात दुखत नाही तुझा?”

“कशाने, सर?”

“सगळ्या वर्गाचं काम एकट्याने केलंस.”

वर्ग हसला. मयेकर सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. तास केवढासा असतो, एक अडला की सगळे अडतात, माऊस मुलांच्या हातात ठेवला तर वर्षभरात एकच आलेख होईल, असं ते बरंच काही बोलत राहिले. हमदुले सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

“जोडतास आहे ना?”

“हो, सर.”

“सगळं पुसायला सांग. पुन्हा काढू देत.” आणि मग, अगदी सहज, “मयेकर, इथे उभा राहा. हाताची घडी.”

सरांना वाटलं, थट्टा आहे.

“तोंडावर बोट...” हमदुले सरांनी पुढचं म्हटलं.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. हमदुले सरांनी नुसतं तिकडे पाहिलं. मयेकर सर भिंतीशी उभे राहिले. एक हात छातीशी, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर, बालवाडीतल्या मुलासारखे.

आम्ही सगळं पुसलं आणि आकडे पुन्हा भरायला घेतले.

माझ्या शेजारी दर्शना पाष्टे बसते. आजवर तिने माऊस क्वचितच धरला असेल, कारण आमच्या कॉम्प्युटरवर तिची खुर्ची सर्वांत कडेला असते. हमदुले सरांनी तिलाच मधल्या खुर्चीत बसवलं. ती एक एक आकडा शोधून दाबत होती. शेवटी आलेख आला.

रेघ वरून खाली निघाली, मध्येच विहिरीत पडल्यासारखी तळाला गेली आणि पुन्हा वर आली.

दर्शनाने मयेकर सरांकडे पाहिलं. सरांना चूक दिसली होती. ओठांवरचं बोट त्यांनी आणखी घट्ट दाबलं.

ते हलले नाहीत.

दर्शना पडद्याकडे वळली. बराच वेळ ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच हळू म्हणाली, “पाणी मध्येच एवढं गार कसं होईल...”

नेमक्या तेव्हाच सुर्वे बाई दारात आल्या.

त्यांना दिसलं ते असं : अर्धेमुर्धे पडदे, दोन ठिकाणी नुसते आकडे, एका कॉम्प्युटरवर वेडीवाकडी रेघ, आणि भिंतीशी हाताची घडी घातलेले मयेकर सर.

“मयेकर, तास चालू आहे ना?”

सरांची घडी सुटली. हात माऊसच्या दिशेने निघाला. एवढंसं अंतर होतं. दोन वेळा टकटक केलं असतं, की रेघ नीट झाली असती.

हमदुले सर टोपीची कड बोटांनी सारखी करत होते.

मयेकर सरांनी हात मागे घेतला. पुन्हा घडी घातली. ओठांवर बोट ठेवलं आणि बाईंकडे बघून मान हलवली... हो, चालू आहे.

दर्शनाला यातलं काही दिसलं नाही. ती आकड्यांवरून बोट फिरवत होती. बहात्तरच्या जागी तिच्याकडून सात पूर्णांक दोन पडलं होतं. तिने ते पुसलं, बहात्तर केलं, आणि खड्डा भरून आला.

“हे काय आहे, गं?” बाईंनी विचारलं.

दर्शना वर्गात कधी बोलत नाही. ती उभी राहिली आणि पाणी कसं निवलं ते तिने सांगितलं. आधी भराभर, मग हळूहळू. मध्ये मी चुकले होते, म्हणाली, पण रेघेने मला सांगितलं.

बाई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. “शनिवारी बघू,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

घंटा झाली. निम्म्या वर्गाचे आलेख अपुरेच राहिले होते. हमदुले सर बाहेर जाऊन चपला शोधू लागले. मयेकर सर त्यांच्यामागे गेले.

“सर, शनिवारपर्यंत सगळ्यांचं होणार नाही.”

“नाही होणार.”

“मग?”

“ज्याचं होईल, ते त्याचं असेल.”

मयेकर सर वाकून त्यांच्या चपला सरळ करत होते. वर न बघताच ते म्हणाले, “तुम्ही आमच्या हातात पहिल्यांदा थर्मामीटर दिला होता, तो दिवस मला अजून आठवतो. पण तेव्हा तुम्ही काय शिकवलंत, ते काही केल्या आठवत नाही.”

हमदुले सरांनी चप्पल पायात सरकवली.

“कसं आठवेल? माझ्या तोंडावर बोट होतं.”