दहाचा दवाखाना

खाणवस्तीतल्या धर्मादाय दवाखान्यात सुगंधाताई आरोग्यसेविका होत्या. पण संस्थेचे अध्यक्ष मोडकसाहेब त्यांचं एक ऐकतील तर शपथ! दवाखान्याची वेळ सकाळी दहा ते बारा, आणि वस्तीतल्या बाया नेमक्या त्याच वेळी सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला गेलेल्या. डॉक्टर बसून माशा मारायचे.

"वेळ दुपारची करा, साहेब," सुगंधाताई म्हणाल्या.

"मुळीच नाही. जिला खरी गरज असेल, ती दहाला येईल. सोमवारी मी स्वतः बघायला येतो. रांग दिसली नाही, तर दवाखान्याला कुलूप!"

"बरं," म्हणाल्या सुगंधाताई, आणि त्याच संध्याकाळी घरोघर निरोप देऊन आल्या.

सोमवारी दहाला रांग थेट नळापर्यंत गेली. पत्ता नव्हता तो साहेबांचाच. साडेअकराला ते उगवले, चुरगळलेल्या सदऱ्यात आणि उपाशीपोटी.

"आमच्या हौसाबाईनं न सांगता दांडी मारली!" ते कडाडले. "चहा नाही, नाश्ता नाही, घरात नुसता गोंधळ!"

"दांडी कसली, साहेब? ती बघा रांगेत. दहाच्या ठोक्याला आलीय. बीपीच्या गोळ्या संपल्यात, खरी गरज आहे ना तिला!"

साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. अख्ख्या सोसायटीची खरकटी भांडी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"उद्यापासून दुपारी तीन," ते पुटपुटले.

"उद्यापासून ना?" रांगेतून हौसाबाई म्हणाली. "मग आज तेवढी भांडी भिजत घाला, साहेब. माझा नंबर लागला की येतेच."