थांबा म्हणजे काय?

फार पूर्वी, वारुळांतही पंडित असत तेव्हाची गोष्ट. समोरून कुणी आलं की मिशा टेकवून क्षणभर थांबायचं, वाटेची खबर घ्यायची, ही मुंग्यांची रीत. टिकली मुंगी धापा टाकत आली आणि मुंगळेशास्त्रींना म्हणाली, "काका, थांबा!"

"पोरी, 'थांब'चं मूळ 'स्तंभ'. खांबासारखं निश्चल उभं राहणं, हा पहिला अर्थ," शास्त्रीबुवा चालता चालताच म्हणाले. मागून शिष्य माना डोलवत होते.

"अहो, पुढे सरडा बसलाय!"

"मध्ये बोलू नये. दुसरा अर्थ..."

सरड्याची जीभ लपकन बाहेर आली आणि शास्त्रीबुवा दिसेनासे झाले.

टिकली शिष्यांना आडवी गेली. "आता तरी थांबाल ना?"

"थांबून कसं चालेल?" पहिला शिष्य तिला वळसा घालत म्हणाला. "दुसरा अर्थ ऐकायचा राहिलाय."