शनिवारची घाटफेरी

"तात्या, मग शनिवारची फेरी मला देताय की नाही?"

शार्दूल हे तिसऱ्यांदा विचारत होता. तो घाटाच्या पायरीवर बसतही नव्हता. चार पायऱ्या वर, चार पायऱ्या खाली. बघणाऱ्यालाच दम लागावा.

तात्या गायधनी शेंगा सोलत बसले होते. नाशकात एकवीस वर्षं, दर शनिवारी संध्याकाळी, ते येईल त्याला गोदावरीचा घाट हिंडवून दाखवत. फुकट. आता गुडघे बोलायला लागले होते. दुसऱ्या कुणी घेतली नाही तर फेरी बंदच पडणार होती.

"दोन वर्षं तुमच्याबरोबर फिरतोय. सगळं पाठ आहे. कोणता पूर कुठवर आला, कोणतं देऊळ कुणी बांधलं. झोपेतून उठवून विचारा."

"विचारायचं कशाला? पाठ असणारच तुझं."

"मग अडलंय कुठे?"

तात्यांनी एक शेंग त्याच्या हातावर ठेवली.

...

"खरं सांगू? रागावू नका. तुम्ही लोकांच्या मागे उभे राहता, वरच्या पायरीला, भिंतीला टेकून. माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. अशानं छाप पडत नाही, तात्या."

"नाही पडत," तात्या म्हणाले. "आजची फेरी तू ने."

त्या फेरीत मीही होतो. खोटं कशाला बोलू, पोरगं बोललं फार सुरेख. प्रत्येक ठिकाणी तो देवळाच्या ओट्यावर चढायचा आणि आम्ही पंचवीस-तीस जण खाली, माना वर करून त्याच्याकडे बघत. सनावळ्या, पूर, लढाया, मध्येच एखादा विनोद. तासभर कुणी हललं नाही. शेवटी टाळ्या पडल्या, चांगल्या मिनिटभर. दोघातिघांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले.

गर्दी पांगायला लागली तसा तो धावत तात्यांकडे आला. सदरा घामानं भिजलेला.

"एक तरी सन चुकला?"

"नाही."

"कुणी कंटाळलं?"

"छे."

"मग गप्प का तुम्ही?"

...

 

शेजारी एक बाई चपला घालत होत्या. सिन्नरहून नवऱ्याबरोबर आल्या होत्या. तात्यांनी त्यांना विचारलं, "ताई, गोदावरी कशी वाटली?"

"फार छान सांगितलं हो यांनी. ऐकतच राहावंसं..." बाई बोलता बोलता थांबल्या. "अगं बाई, नदी बघायची राहिलीच की."

त्या वळल्या. पाण्यावर कुणीतरी सोडलेले द्रोणातले दिवे पुलाकडे निघाले होते. "अहो, इकडं या," त्यांनी नवऱ्याला बोलावलं. दोघं नदीकडे तोंड करून उभे राहिले. आमच्याकडे त्यांनी परत बघितलं नाही.

शार्दूलनं ओट्याकडे बघितलं. मग लोक जिथे उभे होते तिथे. मग नदीकडे. त्याचे कान लाल झाले. मला त्याची फार कीव आली.

तो प्रथमच पायरीवर बसला.

"म्हणजे फेरी गेली माझी?" आवाज पार बसला होता.

"पुढच्या शनिवारी साडेपाचला ये. फेरी तुझी."

"तुम्ही याल ना?"

"नाही."

...

तात्या काठी टेकत उठले. दोन पायऱ्या चढले, थांबले.

"फेरीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात तुला कुणी ओळखलं... तर माझ्याकडे परत शिकायला ये."