नारळ कोणाच्या दारात?

एकदा एक वृद्ध राजवैद्य गाडीभर नारळ घेऊन राजधानीबाहेर पडला. गाडीमागून त्याचा शिष्य चालत होता. शिष्याचे तोंड उतरले होते. त्याला दोन चिंता होत्या. एक बहिणीची, दुसरी नारळांची.

नारळांचे आधी सांगतो.

त्या डोंगरी राज्यात एक रिवाज होता. वर्षातून एकदा, देवीच्या जत्रेत, राज्यातले वैद्य, सुइणी, हाड बसवणारे असे सगळे राजवाड्यावर येत. राजा प्रत्येकाला मानाचा नारळ देई. कोणत्या खोऱ्यात किती नारळ गेले ते शिष्य मोजी आणि राजाला सांगे. आजाऱ्यांची सोय कुठे किती आहे, हे दरबार त्यावरून ठरवी. नारळ दरवर्षी वाढत होते. राजा संतुष्ट होता. शिष्यही होता, कारण मोजण्यात तो कधी चुकला नव्हता.

मग एके दिवशी म्हाळू नावाचा माणूस वरच्या खोऱ्यातून दरबारात आला. कडेवर तान्हे मूल होते. बायको बाळंतपणात गेली होती. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "सुईण मिळती तर वाचली असती."

शिष्य म्हणाला, "असं कसं होईल? तुमच्या खोऱ्यात चौघं आहेत. चार नारळ मी स्वतः मोजलेत."

"असतील जी," म्हाळू म्हणाला. "मला घावले न्हाईत."

शिष्याची धाकटी बहीण त्याच खोऱ्यात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण आईबाप राहिले नव्हते. माहेर म्हणजे हा एक भाऊ, आणि तो गुरूच्या ओसरीवर राहणारा. चार नारळांच्या भरवशावर तो आजवर निश्चिंत होता.

राजाने राजवैद्याला चौकशीला धाडले. राजवैद्याने पालखी मागितली नाही, शिपाई मागितले नाहीत. कोठीतून गाडीभर नारळ मागितले.

खोऱ्यातल्या मोठ्या गावात पोचल्यावर तो शिष्याला म्हणाला, "घरटी एक नारळ दे."

"मानाचे नारळ घरोघर? गुरुजी, राजाने विचारलं तर?"

"मी सांगेन. तू दे."

मग तो लोकांना म्हणाला, "घरात कोणी दुखण्याने पडलं, कोणी बाई अडली, तर पहिल्यांदा ज्याच्याकडे धावता, त्याच्या दारात हा नारळ नेऊन ठेवा."

गावात एक वात्रट माणूस होताच. तो म्हणाला, "आम्हांला नारळ देताय, म्हंजी गावातनं घालवताय का काय, वैद्यबुवा?"

"अजून नाही," राजवैद्य म्हणाला. तो हसला नाही. गाव हसले.

दुपारी दोघे दारे पाहायला निघाले. शिष्य आधी मानकऱ्यांकडे गेला. पहिल्या घराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "वैद्य व्हय? ते तिकडं राजधानीतच असत्यात. मान हितला, म्हणून आमच्या गावच्या नावानं नारळ घेत्यात."

दुसऱ्या दारी एक जवान पोरगा दोर वळत बसला होता. हाड बसवणारा त्याचा बाप वारून बरीच वर्षे झाली होती. "मान घराण्याचा हाय. मी येतो की जत्रेला. तुम्ही मला वळखलं न्हाई?"

शिष्याने ओळखले होते. त्याने विचारले, "हाड बसवता येतं?"

"मला? मला बैलाच्या खुराला पत्री ठोकता येती."

तिसरी मानकरीण सुईण होती, पण ती स्वतःच अंथरुणावर होती. चौथ्याच्या दारी जायचा शिष्याला धीर होईना. राजवैद्याने नेले. चौथा वैद्य खरा होता, हातीपायी धडही होता. पण मुळ्या खणून व्यापाऱ्याला विकण्यात त्याचे बरे चालले होते. आजाऱ्याची नाडी शेवटची कधी पाहिली, ते त्याला आठवेना.

चारही दारांत एकही नारळ नव्हता.

गावाच्या टोकाला एका झोपडीपुढे मात्र नारळांची रास पडली होती. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभी होती. तिचे नाव तान्हूबाई. गावातली पोरे तिच्याच हातावर जन्मलेली, असे बघ्यांनी सांगितले.

"कोणाचं हे काम?" ती कडाडली. "उचला आधी. मला माज्याच घरात शिरता येईना."

शिष्याने विचारले, "आजी, तुम्ही सुईण आहात. मग जत्रेला कधी दिसला नाहीत?"

"जत्रेदिवशी कोण ना कोण अडलेली असतीच. पोर काय माज्या नारळासाठी आत थांबतंय?" मग तिने राजवैद्याला खालीवर पाहिले. "आणि तुम्ही मोजायला आलाय. मोजणी आली की मागनं पट्टी येती. माज्या बापाची आंब्याची झाडं अशीच मोजली होती."

"पट्टी येणार नाही," राजवैद्य म्हणाला.

"कशावरनं?"

"इथलं मोजलेलं वसुलीच्या कारभाऱ्याला देणार नाही. तसं राजाकडून कबूल करून घेऊनच निघालो."

"बघू," तान्हूबाई म्हणाली. शब्दावर विश्वास ठेवायचे तिचे वय नव्हते. तरी ती उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "म्हाळूची बायको नदीपल्याड व्हती. त्या दिशी मी हितं दुसरीपाशी. दोघी एका वक्ताला. मी एक बाई, किती ठिकाणी पुरू? आणि आता नदी उतरायला गुडघे न्हाईत."

नदीपलीकडच्याच गावात शिष्याची बहीण दिली होती.

तिथेही घरटी नारळ दिले. लोकांनी घेतले. मग जो तो नारळ हातात धरून उभा राहिला. कोणी शेजाऱ्याकडे बघे, कोणी नदीकडे. एका म्हाताऱ्याने आपला नारळ देवळाच्या पायरीवर ठेवला आणि तो परत गेला.

बहीण घरातून सावकाश बाहेर आली. नारळ तिने पोटाशी धरला होता. भावाला पाहून तिला आनंद झाला, मग ती गोंधळली.

"दादा, ह्यो कुठं ठिवू?"

शिष्य वळून बैलांजवळ गेला. बराच वेळ त्याने जू चाचपले. मग म्हणाला, "गुरुजी, हिला मी राजधानीला नेतो."

"ने," राजवैद्य म्हणाला. "तुझी बहीण आहे. कोणी नावं ठेवणार नाही."

बहीणच म्हणाली, "ह्या दगडांतनं गाडीत बसून? वाटंतच बाळंत व्हायची मी. आणि ह्या जाऊबाईंचं काय? त्यांना बी सातवा हाय." शेजारच्या दारात आणखी एक बाई तसाच नारळ धरून उभी होती.

शिष्याने बैलांचे जू सोडले.

गाडीत थोडे नारळ उरले होते. डोंगरावर धनगरवाडी होती. शिष्य म्हणाला, "वर जाऊन काय मिळणार? मेंढरं."

"तू विचारलंस?"

शिष्य नारळांचे पोते खांद्यावर घेऊन चढला, मागून राजवैद्य. वाडी लहान. नारळ वाटून झाले आणि काही क्षणांत ते सगळे एकाच दारात येऊन पडले. आतून एक तरणी सून घाबरून बाहेर आली. काही चुकले असे तिला वाटले. तिचे नाव मायाक्का. तिची आई लांबच्या मुलखात सुईण होती आणि लग्नाआधी ही आईच्या हाताखाली शिकली होती. वाडीतली बाळंतपणे तीच करी.

"खालच्या गावच्या बायकांकडे का जात नाहीस?" शिष्याने विचारले.

"त्यांनी कदी बोलावलं न्हाई. त्यांना कुठं म्हाईत हाय? खालची माणसं लोकर घ्यायला येत्यात आणि जात्यात."

अंगणातून बहिणीच्या घराची कौले दिसत होती.

शिष्याचा चेहरा उजळला. "गुरुजी, आता तडक राजधानीला जाऊ. राजाला सगळं सांगू."

राजवैद्य घोंगडी पसरून बसला. "उद्या नदीकाठी बाजार आहे. आधी तिथे सांगू."

"राज्याची मोजणी आधी बाजारात सांगायची?"

"बस," राजवैद्य म्हणाला. शिष्य बसला.

"तू आजवर मोजलंस ते खोटं नव्हतं. पण तू मान घ्यायला येणाऱ्याला मोजलंस. जो उपयोगी पडतो त्याला यायला सवड नसते. म्हणून मी या वेळी बरं करणाऱ्याला विचारलं नाही, आजाऱ्याला विचारलं. आता जे कळलं ते कोणी सांगितलं? या लोकांनी. मग ते आधी ऐकायचा हक्क त्यांचा. आपण हे नेऊन राजवाड्यात ठेवलं तर राजाला समाधान मिळेल. तुझ्या बहिणीला सुईण मिळणार नाही. ती सुईण तिच्या डोक्यावर राहते आणि तिला ठाऊक नाही. म्हाळूची बायको औषधावाचून गेली नाही. कुठे धावायचं हे कोणी सांगितलं नाही, म्हणून गेली."

म्हाताऱ्याने शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. असे तो क्वचित करी.

मग राजवैद्याने मायाक्काला विचारले, "तुझं नाव खाली सांगू का?"

तिने सासूकडे पाहिले. सासू म्हणाली, "सांगा की. बायामाणसाचा जीव हाय. पर ही खाली गेली तर मेंढरं कोण वळंल, ते बी त्यांना ठरवाय सांगा."

दुसऱ्या दिवशी बाजारात राजवैद्य दगडावर उभा राहिला. कोणत्या दारात नारळ पडले, कोणत्या दारात पडले नाहीत, हे त्याने चढ्या आवाजात सांगितले. मेंढरांचेही सांगितले. मुळ्या विकणारा वैद्य गर्दीतून हळूच निसटला. तान्हूबाई मात्र भाजीवालीशेजारी ताडकन उठली.

"वर पोर हाय? सुईण? आणि मला कोणी बोललं न्हाई? मी हितं बसून ह्या नदीला शिव्या घालतीया! बोलवा तिला. हात बघू दे तिचे."

मायाक्का पुढे आली. म्हातारीने तिचे हात उलटसुलट करून पाहिले, बोटे दाबून पाहिली.

"बारीक हायेत. ब्येस. पल्याडचं तू बघ, अल्याडचं मी बघते. अडलीस तर निरोप धाड. गुडघे न्हाईत, पर तोंड हाय माजं, सांगीन काय करायचं ते."

पंधरवड्यात बहिणीला कळा लागल्या. डोंगर चढून मायाक्काला बोलवायला जो धावला, तो म्हाळू. तिची मेंढरेही त्या दिवशी त्यानेच वळली. बहिणीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बहिणीने जपून ठेवलेला नारळ धनगरवाडीत पाठवला.

पुढच्या जत्रेत शिष्य दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, "वरच्या खोऱ्यात दोन."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "गेल्या साली चार होते."

"होय महाराज. चार होते आणि हाकेला कोणी येत नव्हतं."

राजाने विचारले, "बाकीच्या खोऱ्यांत किती?"

"ठाऊक नाही," शिष्य म्हणाला. हे उत्तर त्याने दरबारात पहिल्यांदाच दिले. राजवैद्य उठला आणि कोठीच्या बाजूला चालू लागला. शिष्य त्याच्यामागून नारळ भरायला गेला.

आपल्या दारात कोणी मोजायला आले तर खरे सांगावे. आणि मोजून काय निघाले ते आम्हाला परत कधी सांगणार, तेही विचारावे.