पेवात सोडलेल्या दिव्याची कहाणी

ऐका पेवमाउली, तुमची कहाणी. काळ्या मातीचं एक आटपाट नगर, त्या नगराची एक राणी. राणी श्रावणात दर शुक्रवारी पेवाचा वसा करी. पेव म्हणजे भुईच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार. पुराणिकबुवा जुनी कहाणी वाचीत, राणी मुठीत तांदूळ धरून ऐके. कहाणीत काय होतं? पेवाचं तोंड उघडावं, वाऱ्याला वाट द्यावी, आत दिवा सोडावा. दिवा जगला तर आपण उतरावं. राणी काय करी? चौरंगावर चांदीचा दिवा लावी, हळदकुंकू वाही, डोळे पुशी, पुरणपोळी जेवी. अशी सोळा वर्षं केली.

महालाच्या पायरीशी गवरा बुरडीण सुपं विणीत बसे. तिला आत यायची बंदी, कानाला बंदी नव्हती. हात बांबूत, चित्त कहाणीत.

मग उद्यापन आलं. हजार सवाष्णी जेवायच्या, गहू पेवातलेच हवे. उपसायला गवराच्या नवऱ्याला बोलावणं गेलं. शिळा सरकवली. प्रधान म्हणाला, मुहूर्त टळतो, उतर लगेच. गवराच्या नवऱ्यानं कमरेला दोर बांधला. मग गवरा धावत आली, पेवाच्या तोंडावर आडवी बसली. प्रधानानं दरडावलं, शिपायांनी ओढलं, बुवांनी विटाळाचं नाव काढलं. ती हलली नाही.

मग राणी आली, कहाणीचे तांदूळ मुठीत तसेच. म्हणाली, "बुरडिणी, माझा वसा मोडतेस?"

"मोडला तुम्हीच, राणीबाई. चौरंगावर कुणी गुदमरून मरतं का, म्हणून तिथं दिवा लावता? कहाणीतला दिवा आत सोडायचा आहे. तो सोडा, मग माझा धनी मागा."

बुवा हसले. म्हणाले, कहाणीचा अर्थ गूढ, तो हिला काय कळणार.

"गूढ तुम्ही ठेवा, बुवा. मला दोर द्या."

मग तिनं टोपलीत दिवा ठेवला, टोपली आत सोडली. हातभर गेली न गेली, दिवा विझला. बुवा म्हणाले, वाऱ्यानं विझला. ती म्हणाली, एवढा वारा आहे तर आधी तुम्हीच उतरा. बुवा दोन पावलं मागं सरले.

मग तिनं दोराला लिंबाचे डहाळे बांधले, वरखाली घोळवले, कोंडलेली हवा हलवली. दुसऱ्यांदा दिवा सोडला, मध्यावर विझला. पुन्हा डहाळे घोळवले. ऊन डोक्यावर आलं, मुहूर्त टळला, सवाष्णी खोळंबल्या. राणी उन्हात उभीच. तिसऱ्यांदा दिवा सोडला. गव्हावर टेकला, तेवत राहिला. मग गवराचा नवरा उतरला. पोत्यामागून पोतं वर आलं, सगळ्यांमागून तोही वर आला, अंगभर भुसा, तोंडभर हसू.

राणीनं विचारलं, "बाई, मी सोळा वर्षं ऐकलं. तुला कळलं ते मला कसं नाही कळलं?"

गवरा म्हणाली, "जिनं ही कहाणी पहिल्यांदा सांगितली, तिचं कुणीतरी पेवात राहिलं असेल. उगाच कशाला सांगेल ती?"

राणी खाली बसली. मुठीतले तांदूळ गवराच्या ओटीत घातले. मग तिचा हात धरला, पायरी चढवून आत नेलं, बुवांच्या पाटावर बसवलं. म्हणाली, आता तू सांग, मी विचारीन. हजार सवाष्णी जेवल्या, पहिलं पान गवराचं वाढलं. पुढं त्या नगरात पेवानं माणूस गिळला नाही.

तर बायांनो, कहाणीला नुसता नमस्कार करून उठू नका, ती काय करायला सांगते ते करा. जसा गवराचा धनी सुखरूप वर आला, तसे तुमचे आमचे सारे येवोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.