देवगांडुळाचं तोंड

“अजून एकदा उचलता का, तात्या?”

“सकाळपासून तुझं ‘अजून एकदा, अजून एकदा’ चाललंय, निहार.”

तात्या गवस दगडावर हात ठेवून उकिडवे बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. सुपारीच्या या बागेत कुठल्या दगडाखाली कोण राहतं, हे त्यांना पाठ होतं. निहार तीन पावसाळे त्यांच्याकडे शिकायला येत होता. त्याने बेडकांचे फोटो इतके जवळून काढले होते की कातडीवरचे ठिपके मोजावेत. त्याला बक्षिसंही मिळाली होती.

देवगांडूळ तेवढं राहिलं होतं.

बेडकांच्याच कुळातलं, पण बिनपायांचं. लोक साप समजून मारतात. या दगडाखाली एक मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून होती. दगड उचलला, की ती डोकं वेटोळ्यात खुपसायची. निहारला नेमकं डोकं हवं होतं. फोटोंच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले होते.

“पाठीचे चाळीस फोटो झाले. तोंडाचा एक नाही. असला फोटो भिंतीवर कोण लावणार?”

“कालची गेली. पाहिलंस ना?”

निहारने पाहिलं होतं. ओढ्यापलीकडचा दगड काल त्यांनी सहा वेळा उचलला होता. आज तिथे मादी नव्हती. अंडी होती. अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

“दुसऱ्या कशाने गेली असेल.”

“असेल...”

तात्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “कॅमेरा इकडे दे. दगड तू उचल. शेवटचा.”

निहारला हसू आलं. “कुठलं बटण दाबायचं, माहीत आहे?”

“तीन वर्षं बघतोय रे. तेवढं कळतं.”

निहारने दगड उचलला. वाटला होता त्याहून जड होता, आणि ओला. बोटं घसरत होती. खाली मादी आणखी घट्ट झाली.

“काढा, तात्या.”

“थांब.”

...

“काढलात?”

“अजून एक.”

“चेष्टा करू नका. मनगटं भरून आलीत माझी.”

“येतात.”

“सुटला तर तिच्यावर पडेल!”

“मग सोडू नकोस.”

“पण किती वेळ धरायचं?”

“तिला विचार.”

निहारला मान वळवता येईना. दगड हलेल म्हणून तो श्वाससुद्धा बेताने घेऊ लागला. समोर ती होती, मध्ये कॅमेऱ्याची काच नव्हती. निळसर काळं अंग, त्यावर बारीक वळ्या. आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, एकमेकांना चिकटलेली. सगळं अंग हळूहळू वरखाली होत होतं.

...

मग तिने डोकं बाहेर काढलं.

डोळा कसला, कातडीखालचा एक ठिपका. कडेचं एक अंडं जरा सुटलं होतं. तिने ते तोंडाने चाचपलं, आत ओढलं आणि त्याच्यावर हनुवटी टेकली.

निहार ‘काढा’ म्हणाला नाही.

तो वाकला. दगडाची एक कड आधी जुन्या खुणेत बसवली, मग दुसरी. चिखलाचा आवाजसुद्धा झाला नाही. हात बाजूला घेतले तेव्हा त्याला मूठ मिटता येत नव्हती.

तो तिथेच चिखलात बसला.

“डोकं वर केलं होतं तिने,” निहार म्हणाला. “काढलात ना?”

तात्यांनी कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला. काचेवरचं झाकण तसंच होतं.

“तात्या... मग इतका वेळ बघत काय होतात?”

“तुझे हात.”